मग्नेश्वर सेतू आणि येसाक्काचा आडवा काप

एका जंगलात, मुलांनो, एक खाडी होती. जंगलात खाडी कशी, असं विचारू नका. त्या जंगलात एक समितीसुद्धा होती, आणि जिथं समिती असते तिथं काहीही असू शकतं.

खाडीचं पाणी खारट. अलीकडच्या काठाला वस्ती होती आणि पलीकडच्या काठाला गोड्या पाण्याचा झरा. पूर्वी अलीकडेही दोन गोड्या विहिरी होत्या. पण महाराजांच्या वाढदिवसाला मोठं मैदान हवं होतं, म्हणून काठावरची सगळी तिवरांची झाडं तोडली गेली. तिवरं गेली तशी खाडी आत सरकली आणि विहिरींत शिरली. वाढदिवस मात्र छान झाला.

तेव्हापासून ज्यांना पोहता येई ते पलीकडे जाऊन पाणी पिऊन येत. ज्यांना पोहता येत नसे ते विहिरीचं मचूळ पाणी पीत आणि पोट धरून बसत.

या वस्तीत येसाक्का नावाची एक सायाळ राहायची. ती लोहारकाम करायची. खिळे, साखळ्या, घागरी, ज्याला जे लागेल ते. तिची घागर गळली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. बोलायला फटकळ, कामाला पक्की. तिच्यात एकच खोड होती. कुठलीही गोष्ट समोर आली की ती ‘असं का?’ म्हणून विचारायची. त्या जंगलात ही खोड खरजेपेक्षा वाईट समजली जायची.

तिच्या शेजारी हौसा नावाची भेकरीण राहायची. हौसाला दोन पाडसं. दोघंही मचूळ पाणी पिऊन वाळून चालली होती. हौसा रोज काठावर उभी राहायची आणि पलीकडच्या झऱ्याकडं बघत बसायची.

“आक्का, एखादा पूल करून दे ना गं आम्हाला,” ती म्हणायची.

“पूल मी काय एकटी करू? ते राजाचं काम,” येसाक्का म्हणायची. पण हौसा गेली की तिला घास गोड लागायचा नाही.

त्या जंगलाचे राजे होते गवेंद्र महाराज. जातीचे गवे. छाती एवढी मोठी की तिच्यामागं डोकं कुठं आहे ते पटकन दिसत नसे. एक दिवस त्यांच्या मनात आलं की आपण पूल बांधावा. तहानलेल्यांची कीव आली म्हणून नव्हे. शेजारच्या जंगलातल्या राजानं बांधला होता म्हणून.

लगेच सेतू समिती झाली. तिचे अध्यक्ष तरसोबा. तरसोबा म्हणजे तरस. ते सतत हसत. लग्नात हसत, मयताला हसत, कारण त्यांना दुसरं काही येतच नसे. महाराजांना वाटायचं, किती आनंदी स्वभाव!

समितीनं ठरवलं की पूल तरंगता असावा. एकवीस पोकळ पेट्या पाण्यावर सोडायच्या, साखळीनं एकमेकींना बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या. इथपर्यंत कुणाची चूक नव्हती. मग महाराज म्हणाले, “उद्घाटनाच्या दिवशी मला एक पेटी एका शिंगावर उचलून दाखवायची आहे.”

लाकडाची पेटी जड. लोखंडाची त्याहून जड. तेव्हा शोधाशोध झाली आणि डोंगरापलीकडून एक धातू आला. त्याचं नाव मॅग्नेशियम. चांदीसारखा चमकणारा आणि आश्चर्य वाटावं इतका हलका. महाराजांना ते नाव उच्चारता येईना. ते म्हणाले, “मग्नेश्वर.” दरबारात कुणी चूक दाखवली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून सगळ्या कागदांवर ‘मग्नेश्वर सेतू’ असं छापून आलं.

धातूच्या लाद्या येसाक्काच्या अंगणात येऊन पडल्या. गादीएवढ्या रुंद आणि हातभर जाड. ज्यांनी त्या बनवल्या होत्या त्यांनी त्या पोळीसारख्या लाटून लाटून चपट्या केल्या होत्या. यांतून पातळ पत्रे कापायचे आणि पत्र्यांच्या पेट्या करायच्या, असं काम होतं.

येसाक्कानं लादीवरून पंजा फिरवला. धातू तिच्या ओळखीचा नव्हता. ओळख झाल्याशिवाय ती कुठल्याही धातूला करवत लावत नसे.

“मला वीस दिवस द्या,” ती तरसोबांना म्हणाली.

“वीस दिवस? कशाला?”

“खाडीत तुकडे टांगून बघते. खारं पाणी याला सोसतं का ते कळेल.”

तरसोबा हसले. येसाक्काला वाटलं, त्यांना पटलं.

तिनं लादीचे काप दोन तऱ्हांनी काढले. काही आडवे, म्हणजे पाव मधून चिरावा तसे, लादीच्या पाठीला समांतर. काही उभे, म्हणजे थाळीतली बर्फी कापावी तसे, वरून खाली. दोन्ही तऱ्हांचे सहा-सहा तुकडे तिनं सारख्याच मापाचे केले, घासून सारखेच गुळगुळीत केले, काथ्याच्या दोरीला बांधून खाडीत सोडले. रोज सकाळी जाऊन ती ते वर काढायची आणि बघायची.

आठव्या दिवशी तिच्या कपाळाला आठी पडली.

आडवे तुकडे जरासे काळवंडले होते, बाकी जसेच्या तसे होते. उभ्या तुकड्यांवर मात्र पांढरी साय धरली होती. ती खरवडली तर खाली बारीक बारीक खड्डे. पाण्यात परत सोडले की त्यांच्यातून बुडबुडे निघायचे, तळणीतून पापड काढल्यावर तेल कुरकुरत राहतं तसे.

येसाक्काला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. उभे तुकडे ज्या बाजूला टांगलेत तिथलं पाणी जास्त खारं असेल. तिनं जागा बदलल्या. आडवे तिकडं, उभे इकडं. तरी तेच. नव्या लादीतून नवे तुकडे कापले. तरी तेच. विसाव्या दिवशी उभ्या तुकड्यांपैकी दोन इतके झिजले होते की दोरीतून निसटून खाली गेले. आडवे सगळे शाबूत होते.

खरं सांगायचं तर तिला आनंद झाला नाही. आडवा काप काढायचा म्हणजे सगळ्या लादीची रुंदी करवतीखालून न्यायची. एक पत्रा काढायला एक दिवस. उभे काप दिवसाला दहा निघतात. येसाक्काची कंबर आधीच दुखायची. आपलं म्हणणं खोटं निघालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

पण ते खोटं नव्हतं. तिच्या गुरूनं, एका म्हाताऱ्या खवल्या मांजरानं, तिला लहानपणी सांगितलं होतं की धातू बाहेरून कितीही सपाट दिसला तरी आत त्याचे कण रांगा करून बसलेले असतात, आणि सगळ्याच रांगा सारख्या दाट नसतात. तेव्हा तिनं ‘असं का?’ विचारलं होतं आणि गुरूला दोन दिवस समजावत बसावं लागलं होतं. आता ते सगळं तिला लख्ख दिसलं.

ती तुकडे घेऊन दरबारात गेली.

महाराज बसले होते. शेजारी तरसोबा हसत होते. आणि त्यांच्या पलीकडं एक नवीन पाहुणे होते, पंडित माळढोके. हे जातीचे माळढोक. माळढोक फार थोडे उरले आहेत, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. पंडितजी दुर्मीळ होते, म्हणून त्यांचं मतही दुर्मीळ समजलं जायचं. ते मान उंच करून हळूहळू बोलत आणि बोलण्याआधी गळ्याची पिशवी फुगवत.

“महाराज,” येसाक्का म्हणाली, “हा धातू चांगला आहे. पण पत्रे आडवेच कापले पाहिजेत. उभे कापले तर तीन महिन्यांत चाळण होईल.”

“धातू एकच ना?” महाराजांनी विचारलं.

“एकच.”

“लादी एकच?”

“होय महाराज.”

“मग आडव्यानं टिकतो आणि उभ्यानं सडतो, हे कसं?”

प्रश्न चांगला होता. राजेलोक कधीकधी चुकून चांगला प्रश्न विचारतात. येसाक्काला हुरूप आला.

“महाराज, याचे कण मधाच्या पोळ्यासारखे बसलेले असतात. सहा कोनांची नक्षी. एका थरावर दुसरा थर, दुसऱ्यावर तिसरा. लादी लाटताना हे थर लादीच्या पाठीसारखेच आडवे पडलेत. वरून पाहिलं तर कण खांद्याला खांदा लावून गच्च बसलेत. त्यांतल्या एकाला उपटायचं तर आजूबाजूचे सगळे त्याला धरून ठेवतात. खारं पाणी थकतं. पण बाजूनं पाहिलं तर दाटी कमी. तिथल्या कणाला धरायला शेजारी थोडे. पाणी एकेकाला सहज ओढून नेतं. आडव्या कापात आपण पाण्यापुढं दाटीची बाजू करतो. उभ्या कापात विरळ बाजू.”

तिनं दोन्ही तुकडे महाराजांपुढं ठेवले. एक काळसर पण धड. दुसरा पांढरा, खड्ड्याखड्ड्यांचा.

महाराजांनी खड्ड्याखड्ड्यांचा तुकडा नाकाशी नेला. येसाक्काला वाटलं, जमलं.

मग पंडितजींनी गळा फुगवला.

“या धातूचा दाखला मी स्वतः पाहिला आहे,” ते म्हणाले. “धातू शुद्ध आहे. आणि जे शुद्ध असतं त्याला दिशा नसते.”

“वा!” तरसोबा म्हणाले.

“वा! वा!” दरबार म्हणाला.

“पंडितजी, पण हा तुकडा बघा की,” येसाक्का म्हणाली. “हा सडलाय.”

“तुकडा म्हणजे तुकडाच,” पंडितजी म्हणाले. “मी तत्त्वाविषयी बोलतो आहे.”

“आपण एकदा खाडीपर्यंत येता का? बाकीचे अजून टांगलेले आहेत.”

“चिखल असतो तिथं,” पंडितजी म्हणाले.

आता तरसोबा उठले. ते अध्यक्ष होते, त्यांना भाषण करणं भाग होतं.

“महाराज, बाई म्हणते आडवं कापा. आडवं! आपल्या जंगलाला आजवर कोण आडवं गेलं आहे? आपण ताठ उभं राहणारे. आपले पूर्वज उभे राहिले, आपण उभे आहोत, आपली मुलं उभी राहतील. आणि आपल्या पुलाचे पत्रे मात्र आडवे? शिवाय, एकाच लादीच्या दोन बाजूंत उच्च-नीच बघायचं, ही कसली शिकवण? या जंगलात सर्व बाजू समान आहेत!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका माकडाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उभे काप की आडवे काप यातलं काही समजून आलं नव्हतं, पण आलं होतं.

मतदान झालं. उभ्याच्या बाजूनं सगळे. आडव्याच्या बाजूनं येसाक्का, आणि तिला मत नव्हतं.

पत्रे कापायचं काम रानडुकरांच्या टोळीला मिळालं. त्यांना करवत कशी धरायची हे माहीत नव्हतं, पण जोर भरपूर होता. दिवसाला दहा-दहा पत्रे पडू लागले. मात्र नियमांत एक कलम होतं की स्थानिक कारागिराला कामात वाटा मिळाला पाहिजे. म्हणून एकवीस पेट्यांपैकी एक पेटी येसाक्काला करायला दिली. सगळ्यात शेवटची, पलीकडच्या काठाची.

“ही तरी उभी काप,” तरसोबा म्हणाले.

“बघते,” येसाक्का म्हणाली.

तिनं बघितलं आणि आडवी कापली. करवत ओढून ओढून तिचे पंजे सोलवटले. हौसा येऊन तिची कंबर पाल्यानं शेकून द्यायची. पाडसं लादीवर बसून करवतीचा आवाज ऐकत राहायची. रानडुकरांच्या वीस पेट्या झाल्या त्याच दिवशी येसाक्काची एक पेटी झाली. रानडुकरांनी तिला खूप चिडवलं. विसाला एक! ती सांध्यांत राळ भरत होती.

उद्घाटन थाटात झालं. महाराजांनी एक पेटी शिंगावर उचलली. सगळ्यांनी डोळे भरून पाहिली. मग फीत कापली, भाषणं झाली आणि पहिल्यांदा हौसाची पाडसं पलीकडं जाऊन गोड पाणी प्यायली. पोट फुटेस्तोवर प्यायली. हौसा रडली. येसाक्काही रडली असती, पण तिचं लक्ष पेट्यांच्या कडेनं येणाऱ्या बुडबुड्यांकडं होतं.

बुडबुडे रोज वाढत गेले. वस्तीला ते फार आवडले. “पूल श्वास घेतो!” असं सगळे म्हणू लागले. समितीनं तशी पाटीच लावली, ‘भारतातील’ नव्हे, ‘त्रिभुवनातील एकमेव श्वास घेणारा पूल’.

मग पेट्यांवर पांढरी भुकटी धरू लागली. आता या भुकटीची एक गंमत आहे, मुलांनो. ती पोटातल्या आम्लावर उत्तम चालते. आणि सेतू समितीला, पुलाच्या निमित्तानं रोज मेजवान्या झोडून, आम्लपित्त झालं होतं. कुणीतरी ती भुकटी चाटून पाहिली. पोटाला थंड वाटलं. मग काय, सगळी समिती पुलावर ओणवी होऊन पेट्या चाटू लागली. पंडित माळढोक्यांनी ‘सेतूचे आरोग्यलाभ’ या विषयावर व्याख्यान दिलं. त्या भुकटीचा दुसरा गुण म्हणजे ती पोट साफ करते, आणि तो गुण व्याख्यानाच्या मध्यावर प्रकट झाला. पुढचे दोन दिवस समितीची एकही बैठक पूर्ण झाली नाही. सदस्य पाच-पाच मिनिटांनी उठून करवंदीच्या जाळीमागं जात होते.

येसाक्काला मात्र माहीत होतं की ही भुकटी म्हणजे पूलच आहे. जेवढी भुकटी निघते तेवढा पत्रा कमी होतो.

अडीच महिन्यांनी तिनं एक दिवस पुलावर जाऊन आपल्या पाठीचा एक काटा उपटला आणि सातव्या पेटीच्या पत्र्यावर टेकवला. नुसता टेकवला. काटा आरपार गेला.

ती तशीच तरसोबांकडं गेली.

“अध्यक्षसाहेब, पूल बंद करा. आजच. पत्रा कागदासारखा झालाय. माझा काटा आरपार गेला.”

तरसोबांचं हसू तेवढ्यापुरतं थांबलं.

“काय म्हणालीस? तू पुलाला भोक पाडलंस?”

“पाडलं नाही. पडलं.”

“काटा कुणाचा?”

“माझा.”

“भोक कुणाच्या काट्यानं पडलं?”

“माझ्या. पण साहेब...”

“लिहून घ्या,” तरसोबा कारकुनाला म्हणाले. कारकून शेकरू होता. त्यानं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या तोंडाशी पाटी लागली. ‘सायाळींना मज्जाव. काटेधारी प्राण्यांमुळे सेतूस धोका.’ सातव्या पेटीच्या भोकात कुणीतरी बोर कोंबलं आणि दुरुस्ती पूर्ण झाल्याचं जाहीर केलं.

येसाक्का घरी बसली नाही. पुलावर जायची बंदी होती, काठावर उभं राहायची नव्हती. ती रोज सकाळी पुलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहू लागली. जो कुणी पुलावर चढेल त्याला सांगायची, “मधे थांबू नका. शेवटच्या पेटीपर्यंत सरळ पळत जा. काही झालं तर शेवटची पेटी धरा.”

बरेच जण हसायचे. काही जण मुद्दाम मधे थांबून बुडबुडे बघायचे. रानडुकरांची पिलं तर सातव्या पेटीवर उड्या मारून दाखवायची. पण येसाक्का दुसऱ्या दिवशी परत यायची आणि परत तेच सांगायची.

हौसा मात्र ऐकायची. पाडसांना पुढं घालून ती पूल पळतच ओलांडायची.

चौथ्या महिन्यात, एका सकाळी मोठी भरती आली. पुलावर तेव्हा हौसा, तिची पाडसं आणि सशांचं एक कुटुंब होतं. ससे मधे बसले होते. त्यांच्या आजोबांना बुडबुडे दाखवायला आणलं होतं. हौसा त्यांच्याशेजारून पळत गेली. ती शेवटून तिसऱ्या पेटीवर असताना सातवी पेटी खाली गेली.

आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या कागदाची पिशवी फाटावी तसा झाला. सातवीनं सहावीला आणि आठवीला ओढलं, आठवीनं नववीला. पत्रे पायांखालीच चुरत होते. काठावरून येसाक्का घसा फुटेस्तोवर ओरडत होती, “शेवटची धर, हौसा! शेवटची!”

हौसानं थोरल्या पाडसाला डोक्यानं ढकललं, धाकट्याला दातांत धरलं आणि उडी मारली. साखळी तुटली. एकविसावी पेटी एकदा पाण्याखाली गेली आणि वर आली. तिच्यावर तीन भेकरं होती. भरतीनं तिला पलीकडच्या काठाला नेऊन टेकवलं.

चार ससे वाहून गेले. आजोबा त्यांत होते. येसाक्का पाण्यात उतरली होती. तिनं एका सशाचा कान धरलासुद्धा. पण तो तिच्या पंजातून सुटला. नंतर किती दिवस तिला तो कान पंजात असल्यासारखं वाटायचं.

चौकशी समिती नेमली गेली. नवी समिती म्हणजे जुनीच. फक्त पाटी उलटी करून मागं नवं नाव लिहिलं. सशांविषयी समितीनं दुःख व्यक्त केलं आणि ससे पुन्हा लवकर होतात, अशी नोंद घेतली. मग मुख्य प्रश्न आला. पूल का बुडाला?

येसाक्काला बोलावलं होतं, आरोपी म्हणून.

“वीस पेट्या बुडाल्या,” तरसोबा म्हणाले. ते पुन्हा हसू लागले होते. “एकमतानं बुडाल्या. एकविसावी बुडाली नाही. का?”

“कारण ती आडव्या कापाची होती,” येसाक्का म्हणाली. “मी तेच तर...”

“म्हणजे तुला कबूल आहे की ती बाकीच्यांपेक्षा वेगळी होती?”

“आहे ना! म्हणून तर तीन जीव वाचले!”

पंडितजींनी गळा फुगवला. “माझा निष्कर्ष असा,” ते म्हणाले. “पुलाचं बळ एकसारखेपणात असतं. वीस पेट्या शासकीय नमुन्याच्या होत्या. एक नव्हती. तिच्यामुळे समतोल ढळला. ती जर इतरांसारखी असती, तर ही दुर्घटना...”

“काय झालं असतं?” येसाक्कानं विचारलं. “एकवीस बुडाल्या असत्या.”

“निदान एकसारख्या बुडाल्या असत्या,” पंडितजी म्हणाले.

दरबारानं मान डोलावली. महाराजांनीही डोलावली. त्यांना तो जुना, खड्ड्याखड्ड्यांचा तुकडा आठवत होता का, कोण जाणे. त्यांनी येसाक्काच्या डोळ्यांत बघायचं टाळलं, एवढं मात्र तिनं पाहिलं. आणि मग तिला राग आला तो तरसोबांचा नव्हे, पंडितजींचा नव्हे. त्यांना कळलं नव्हतं. या एकट्याला कळलं होतं.

“महाराज,” ती म्हणाली, “आपण तेव्हा विचारलं होतं, हे कसं? एवढं विचारून थांबलात का?”

महाराज म्हणाले, “सभा संपली.”

येसाक्काला हद्दपारीची शिक्षा झाली. जंगलाची हद्द खाडीपाशी संपायची, त्यामुळे हद्दपारी म्हणजे पलीकडचा काठ. गोड्या झऱ्याचा. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पाणमांजरांनी तिची पेटी अलीकडं ओढून आणली, तिनं त्यात हातोडा, करवत आणि कानशी ठेवली आणि ती बसून निघून गेली. पलीकडच्या काठावर हौसा पाडसांना घेऊन उभी होती.

“कंबर कशी आहे, आक्का?” तिनं विचारलं.

“दुखते,” येसाक्का म्हणाली. “लाद्या कुठून मिळतील ते बघ. आडवं कापायला दिवस लागतात.”

अलीकडं नवा पूल मंजूर झाला. उभ्या कापाचाच. आणि उरलेल्या धातूतून समितीच्या सदस्यांना बिल्ले दिले गेले, ‘सेतुरत्न’ असे. तेही उभेच कापलेले, बर्फीसारखे. आता हा धातू मिठाला भारी भितो आणि घामात मीठ असतं. छातीवर लावलेला असा बिल्ला कष्टाच्या घामानं महिन्याभरात भुसभुशीत व्हायला हवा होता. पण ते बिल्ले आजही नव्यासारखे चकचकीत आहेत. समितीतल्या कुणालाच कधी घाम आला नाही.

तात्पर्य: मुलांनो, कोणती बाजू टिकते हे नीट अभ्यासून धातू कापणाऱ्याला जंगल सोडावं लागतं, आणि कोणती बाजू टिकते हे नीट अभ्यासून मान डोलावणाऱ्याला बिल्ला मिळतो. तेव्हा अभ्यास कराच. फक्त धातूचा करू नका.